वरचा कॉमा

परवा नातीला मेसेज केला. ती पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. मी लिहिलं, "पैसे पाठवले आहेत. मिळाल्याचे कळव." पाच मिनिटांत उत्तर आलं, "आजोबा, चिडलात का?"

आता यात चिडण्यासारखं काय होतं? फोन करून विचारलं. तर म्हणाली, "अहो, शेवटी पूर्णविराम दिलात ना! मेसेजच्या शेवटी पूर्णविराम म्हणजे माणूस रागावलाय, विषय संपला, असं वाटतं."

घ्या! पस्तीस वर्षं मुलांना वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायला शिकवलं. जो विसरेल त्याचा अर्धा गुण कापला. आणि आता सत्तरी उलटल्यावर कळतंय की माझा पूर्णविराम म्हणजे कपाळावरची आठी! मला वाटलं पोरगी थट्टा करतेय. पण नंतर वाचनात आलं की यावर चक्क प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ साली १२६ विद्यार्थ्यांना काही संभाषणं दाखवली. कुणीतरी बोलावणं करतं आणि समोरचा एका शब्दात उत्तर देतो, कधी पूर्णविरामासह, कधी त्याच्याविना. मेसेजमध्ये पूर्णविराम असलेलं उत्तर मुलांना कमी मनापासूनचं वाटलं. गंमत पुढेच आहे. तेच उत्तर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर दाखवलं, तर पूर्णविरामानं काहीच फरक पडला नाही.

म्हणजे चूक ना माझी, ना नातीची. मी अजून चिठ्ठीच लिहितोय आणि ती मेसेज वाचतेय.

हे सगळं सुचण्याचं कारण नात नाही, माझा धाकटा भाऊ आहे. त्याच्याकडे येतोच. पण आधी माझ्या इंग्रजीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही.

मी मराठी माध्यमातून बी. ए. झालो. इंग्रजीचा सक्तीचा पेपर असायचा, तो कसाबसा पार केला. १९७२ साली तालुक्याच्या गावी हायस्कुलात लागलो तो मराठी आणि इतिहास शिकवायला. दुसऱ्याच वर्षी इंग्रजीचे सर बदलून गेले, नवा माणूस मिळेना, आणि हेडमास्तरांनी पाचवी ते सातवीचं इंग्रजी माझ्या गळ्यात घातलं. पुढे दहावीपर्यंतचं आलं. खरं सांगतो, पहिली दोन वर्षं मी मुलांच्या एक धडा पुढे असायचो, इतकंच. घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसायचो. इंग्रजी बोलायची वेळ आली की आजही घाम फुटतो. पण व्याकरण पाठ होतं. ज्याला पोहता येत नाही तो काठाला घट्ट धरून राहतो, तसा मी नियमांना धरून राहिलो. लाल शाईचं पेन कायम खिशाला. मुलं मला घाबरायची, आणि मी तपासणीला येणाऱ्या साहेबांना.

माझा सगळ्यात लाडका नियम म्हणजे पत्राच्या शेवटचा. 'युअर्स फेथफुली'. यातल्या 'युअर्स'मध्ये आर आणि एसच्या मध्ये वर अपॉस्ट्रॉफी द्यायची नाही. मुलं तिला 'वरचा कॉमा' म्हणायची. दर वर्षी निम्मा वर्ग तो कॉमा द्यायचाच. त्यात मुलांचं काही फार चुकत नव्हतं हो. रामाचं पुस्तक, शाळेची घंटा, जिथं म्हणून चा-ची-चे येतं तिथं वरचा कॉमा द्यायचा हे मीच शिकवलेलं. मग 'तुमचा'ला का नाही?

यावर मी एक युक्ती काढली होती. फळ्यावर लिहायचो, 'रामचा, शामचा, तूचा'. मुलं हसायची. "तूचा म्हणतो का रे आपण?" "नाही सर, तुझा!" "हां! रामला 'चा' जोडावा लागतो. 'तू'चं रूपच बदलतं, त्याला वेगळा 'चा' लागत नाही. तसंच इंग्रजीत हिज, हर्स, अवर्स, युअर्स. यांच्या पोटातच 'चा' आहे. वर कॉमा दिलात तर तूचा झालं." ही युक्ती मला अजूनही आवडते. निवृत्तीनंतर कळलं की अठराव्या शतकात शिकलेसवरलेले इंग्रजसुद्धा 'युअर्स'मध्ये सर्रास हा वरचा कॉमा देत. जेन ऑस्टिनच्या लिखाणातही तो सापडतो. म्हणजे ती माझ्या वर्गात असती तर तिचाही अर्धा गुण गेला असता!

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. ज्या 'युअर्स फेथफुली'ला मी इतका जपत होतो ते मुळात पूर्ण वाक्य नाहीच. ते एका वाक्याचं शेपूट आहे. पूर्वी शेवट असा असे, 'आय रिमेन, सर, युअर्स फेथफुली'. म्हणजे 'महाराज, मी आपला निष्ठावंत असा राहतो'. त्याहून जुना सरकारी थाट तर 'आय हॅव द ऑनर टू बी, सर, युअर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट'. आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक असण्याचा बहुमान मला लाभला आहे! काळाच्या ओघात बहुमान गेला, सेवक गेला, कर्ता गेला, क्रियापद गेलं. उरलं एक सर्वनाम आणि एक क्रियाविशेषण. आपल्या अर्जांत त्याच्या वरच्या ओळीत असतं ते 'थँकिंग यू' तर त्याहून बिचारं. आभार कोण मानतंय? तो 'आय रिमेन' खाली होता तोवर त्याला कर्ता होता. तो पुसला गेला आणि 'थँकिंग यू' अधांतरी लटकून राहिलं. हे लटकलेलं धूड मी पस्तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं आणि वर मेसेजमधल्या तुटक इंग्रजीला नाकं मुरडली.

आपल्या मराठी पत्रात तरी काय वेगळं होतं? लहानपणी वडील मला समोर बसवून पोस्टकार्डं लिहायला लावत. वर 'श्री'. मग मोठ्यांना 'ती.', लहानांना 'चि.'. 'शि. सा. न. वि. वि.' म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्याला 'स. न. वि. वि.', सप्रेम नमस्कार. धाकट्यांना 'अ. उ. आ.', अनेक उत्तम आशीर्वाद. शेवटी 'ता. क.'. पत्त्यात 'मु. पो.', 'ता.', 'जि.'. अर्धं पत्र आद्याक्षरांतच! साष्टांग नमस्काराला खरं तर जमिनीवर आडवं पडावं लागतं, आपण तो दीड अक्षरात उरकत होतो आणि कुणालाही तो अपमान वाटत नव्हता. अजून मागे गेलात तर मोडीतले कारकून चांद्रमासाची तारीख लिहिताना नुसता 'छ' लिहीत. तो 'छ' म्हणजे चंद्र. आणि मजकूर संपला की 'बहुत काय लिहिणे'. यासारखा सुंदर शेवट मी दुसरा पाहिला नाही. सगळं सांगून झालंय आणि सांगायचं बरंच राहिलंय, दोन्ही त्यात आलं.

व्याकरणाच्या मास्तराची खोड म्हणून सांगतो, या शेवटांचा अर्थ लावताना एक मजा दिसते. इंग्रजी पत्राचा शेवट म्हणतो 'मी तुमचा'. मराठी पत्राचा शेवट म्हणतो 'लोभ असावा'. तो विध्यर्थ आहे, मागणं आहे. आणि मेसेजचा शेवट म्हणतो 'टेक केअर', तो थेट आज्ञार्थ. स्वतःला देऊन टाकणं, मग लोभ मागणं, मग हुकूम सोडणं!

हा 'टेक केअर' मला पहिल्यांदा भेटला तो 'टी-सी' या दोन अक्षरांत, आणि पाठवणारा होता आमचा धाकटा. साल २००८ असावं, मी नुकताच निवृत्त झालो होतो. त्याच्या मुलीनं त्याला बटणांचा फोन घेऊन दिला होता. सकाळी मेसेज आला, 'जी-एम दादा टी-सी'. मी बुचकळ्यात. जी-एम म्हणजे जनरल मॅनेजर. टी-सी म्हणजे एकतर शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर रेल्वेतला काळ्या कोटातला तिकीट तपासनीस. याला टी-सीनं पकडलं की काय? घाबरून फोन केला. तिकडून मोठ्यानं हसू. "दादा, गुड मॉर्निंग, टेक केअर! तू इंग्रजीचा मास्तर ना रे?"

हसलो मीही. पण त्याच्या त्या शेवटच्या वाक्यात काहीतरी टोचलं, आणि का टोचलं हे मला चांगलं ठाऊक होतं.

धाकटा माझ्याहून चार वर्षांनी लहान. वडील १९६९ साली गेले. १९७० साली हा अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या एस. एस. सी.ला बसला आणि इंग्रजीत नापास झाला. ऑक्टोबरला पुन्हा बसला, पुन्हा इंग्रजीच. पुढच्या वर्षी गावातल्या एकाबरोबर मुंबईला गेला आणि गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटला. राहायला लालबागला गाळ्यात, गावकऱ्यांबरोबर. पुढे मी इंग्रजीचा मास्तर झालो तेव्हा गावात लोक म्हणायचे, "मास्तरांचा भाऊच इंग्रजीत नापास!" ते मला लागायचं. त्याला किती लागत असेल, हा विचार तेव्हा शिवला नाही.

१९७८च्या पावसाळ्यात त्याचं एक जाडजूड पाकीट आलं. आत दीड पान इंग्रजी पत्र. त्यानं पाळी सांभाळून रात्रशाळेत नाव घातलं होतं आणि मला ते आश्चर्य म्हणून इंग्रजीत कळवलं होतं. मी काय केलं? सवयीनं लाल पेन काढलं. एक ए राहिलेला, एक द जास्त, काळाचा घोटाळा, स्पेलिंग. शेवटी 'युअर्स ओबिडियंट ब्रदर' आणि 'युअर्स'मध्ये वरचा कॉमा! एकाच शेवटात दोन चुका. 'युअर ओबिडियंट ब्रदर' लिही, नाहीतर 'युअर्स ओबिडियंटली' लिही, दोन्हींची खिचडी कशाला? मी सगळ्या चुका मोजल्या. ३१ भरल्या. वर कोपऱ्यात गोल करून ४/१० असे गुण दिले आणि तेच पत्र परतीच्या पाकिटात घालून पाठवून दिलं. सोबत दोन ओळींची चिठ्ठी, 'सुधारणा आहे. सराव ठेव.' चिठ्ठीत पूर्णविराम व्यवस्थित दिले होते.

शपथेवर सांगतो, मला ते प्रेमच वाटत होतं. मला तेवढ्याच तऱ्हेनं ते येत होतं.

त्यानंतर त्याचं इंग्रजी पत्र कधी आलं नाही. रात्रशाळा त्यानं सोडली हे वर्षानं कुणाकडून तरी कळलं. मी म्हटलं, चिकाटी नाही पोरात. जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्याची नोकरी त्यात गेली ती गेलीच. मला त्यानं एक अक्षर कळवलं नाही. कळवलं ते वहिनीला. माझी बायको त्याला पोस्टकार्डं लिहायची, 'चि. भाऊजींस अ. उ. आ.', आणि एस. टी.तून कुणाबरोबर तरी ज्वारीचं पोतं, कधी शेंगा, कधी डाळ पाठवायची. हेही मला फार उशिरा समजलं. ती सातवी शिकलेली. तिच्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसे. तिला धाकट्यानं आयुष्यभर पत्रं लिहिली.

तर अशा भावाचे २००८पासून मला मेसेज यायला लागले. वॉचमनच्या नोकरीत रात्रपाळी असायची, तेव्हा वेळ भरपूर. जी-एम, जी-एन, वाढदिवसाला एच-बी-डी, ओके ऐवजी नुसता 'के'. सुरुवातीला त्या 'के'नं माझं डोकं फिरायचं. मोठ्या भावाच्या निरोपाला एक अक्षर? मग एकदा तो गावी आला असताना त्याला मेसेज लिहिताना पाहिलं. त्या फोनवर एका बटणावर तीन-तीन, चार-चार अक्षरं. एस उमटायला सातचं बटण चार वेळा दाबायचं. ओसाठी सहाचं तीनदा, केसाठी पाचचं दोनदा. म्हणजे ओके म्हणायला पाच वेळा दाबायचं आणि के म्हणायला दोनदा. जाड बोटं, चाळिशीचा चष्मा. तो 'के' तोऱ्यानं आलेला नव्हता, हिशेबानं आलेला होता.

हिशेब तर मुळातच आहे. मेसेजची लांबी १६० अक्षरं ठरली ती १९८५च्या सुमारास. फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन अभियंत्यानं टाइपरायटरवर वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली, लोकांची पोस्टकार्डं पाहिली आणि बहुतेक मजकूर दीडशेच्या आत बसतो असं त्याला दिसलं. पहिला मेसेज प्रत्यक्ष गेला तो ३ डिसेंबर १९९२ला इंग्लंडमध्ये, 'मेरी ख्रिसमस'. देवनागरीला तर त्याच मेसेजात ७० अक्षरंच मिळतात. म्हणजे मेसेजचं माप पोस्टकार्डावरूनच घेतलेलं. आमच्या 'सा. न. वि. वि.'ला जी जागेची टंचाई होती तीच यांना.

आणि तार विसरलात का? शब्दाला पैसे. 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली'. ना ए, ना द, ना इज. असलं इंग्रजी निबंधात लिहिलं असतं तर मी वहीभर लाल केलं असतं. पण ती तार हातात पडली की माणूस व्याकरण बघत नसे, एस. टी. स्टँडकडे धावत सुटे. लग्नाच्या तारांचे तर क्रमांक ठरलेले असत. पाठवणाऱ्यानं नंबर सांगायचा, इकडे वधूवरांवर स्वर्गीय आशीर्वादांचा वर्षाव व्हायचा. २०१३च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा लोक हळहळले. नंबरात दिलेल्या शुभेच्छांबद्दल हळहळणारे आम्हीच 'एच-बी-डी'ला हसतो.

बाकी या आद्याक्षरांत घोटाळे होतात हे खरं. इंग्लंडच्या एका पंतप्रधानांची, डेव्हिड कॅमेरून यांची, गोष्ट प्रसिद्ध आहे. ते मेसेजच्या शेवटी 'एल-ओ-एल' लिहीत. त्यांना वाटे त्याचा अर्थ 'लॉट्स ऑफ लव्ह', खूप सारं प्रेम. प्रत्यक्षात पोरं ते खदखदून हसण्यासाठी वापरतात. २०१२ साली एका चौकशी आयोगापुढे ही गोष्ट उघड झाली आणि सगळं जग हसलं. मला त्यांची कीव आली. माझंही पुढे तेच झालं, फक्त उलट बाजूनं.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. माझी बायको आठ दिवसांत गेली. जिल्ह्याच्या सीमा बंद, ई-पासशिवाय हालता येत नव्हतं. अंत्यविधीला मी आणि मुलगा, दोघंच. कुणी दाराशी येऊ शकत नव्हतं. जे काय यायचं ते फोनवर. दिवसभर टिंग टिंग वाजत होतं. त्यात धाकट्याचा मेसेज आला. तीन अक्षरं. 'आर-आय-पी'. पुढे 'वहिनी'सुद्धा नाही.

मी ती तीन अक्षरं किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. मास्तराचं डोकं अशा वेळीही गप्प बसत नाही. हे मूळ लॅटिन, 'रेक्विएस्कॅट इन पाचे'. त्यात 'ती शांत विसावो' अशी प्रार्थना आहे, आपल्या 'शांती लाभो'सारखी. इंग्रजीत येताना त्यातला 'मे' गळाला आणि राहिलं 'रेस्ट इन पीस'. ऐकायला हुकूम. पड शांत! जी बाई पन्नास वर्षांत दुपारची घटकाभर आडवी झाली नाही, जिनं याला पोत्यानं ज्वारी पाठवली, तिला याच्याकडून तीन अक्षरं? तारेला शब्दाचे पैसे पडायचे, याला तर तेही नव्हते.

मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर त्याचे जी-एम, जी-एन येत राहिले, मी गप्प. सबंध वर्ष.

वर्षश्राद्धाला तो मुलीला घेऊन आला. थकला होता. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. संध्याकाळी परड्यात पुतणी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काका, बाबांवर रागावलाय ना? त्या मेसेजवरून?" मी काही बोललो नाही. मग तीच बोलायला लागली. "त्या दिवशी बाबा दीड तास फोन धरून बसले होते. इंग्रजीत मोठं काहीतरी लिहिलं होतं, काकूबद्दल. मी म्हटलं, मराठीत लिहा ना, इंग्रजी अक्षरांत. तर म्हणाले, दादा इंग्रजीचा मास्तर आहे, त्याला इंग्रजीतच लिहायचंय मला, एकदा तरी. मला वाचायला दिलं. मला वाचून रडू आलं. मग एकाएकी म्हणाले, नको, यात चुका असतील, दादा चुका काढेल. आणि सगळं पुसून टाकलं. मग मलाच विचारलं, चूक होणारच नाही असं काय असतं गं? मी सांगितलं, लोक आर-आय-पी लिहितात."

मी तसाच बसून राहिलो. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो आठवतो.

पुढे पुतणीनं मला आणखी एक गोष्ट पाठवली, फोनवर फोटो काढून. ते १९७८चं पत्र. विम्याच्या कागदांच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं होतं म्हणे. लाल शाई अजून लाल आहे, त्याची निळी मात्र फिकी झाली आहे. मी ते चव्वेचाळीस वर्षांनी वाचलं. वाचलं म्हणतो, कारण पहिल्या वेळी मी फक्त तपासलं होतं. त्यात त्यानं लिहिलंय की तंबाखू सोडली. रात्रशाळेतले सर म्हणतात की ऑक्टोबरला पास होशील. पास झालो तर गिरणीच्या हपिसात क्लार्कमध्ये घेतील असं साहेब म्हणाले. आणि मधेच एक वाक्य आहे, 'आफ्टर फादर यू आर माय फादर'. त्यातल्या दुसऱ्या 'फादर'भोवती मी लाल गोल केला आहे आणि बाजूला लिहिलं आहे, 'रिपिटिशन'.

त्या रात्री मी त्याला फोन केला. बोलायचं होतं ते काही बोललो नाही. पावसाचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. ठेवताना तो म्हणाला, "बरं दादा, टी-सी." मी म्हटलं, "टी-सी."

आता रोज सकाळी जी-एम येतो आणि मी लगेच उलट जी-एम पाठवतो. पूर्णविराम देत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी मात्र मनात आलं आणि त्याला इंग्रजीत पत्र लिहायला बसलो. टेबलावर कागद घेऊन, शाईच्या पेनानं, निळ्या. दीड पान लिहिलं. बायकोबद्दल लिहिलं, ज्वारीच्या पोत्याबद्दल लिहिलं, त्या लाल गोलाबद्दलही लिहिलं. किती वेळ लागला सांगत नाही, शब्दकोश तीनदा काढावा लागला. शेवटी 'युअर्स'वर आलो. ठरवलं होतं की मुद्दाम वरचा कॉमा द्यायचा. पेन नेलं तिथंपर्यंत. पण हात काही तयार होईना हो! पस्तीस वर्षांची सवय. दोन-तीनदा प्रयत्न केला आणि नाद सोडला. तसंच पाकिटात घालून टाकलं.

आठवड्यानं त्याचा मेसेज आला. 'लेटर गॉट. ९/१०'.

मी विचारलं, एक मार्क कशाचा कापलास?

थोड्या वेळानं उत्तर आलं, 'हँडरायटिंग. टी-सी दादा'.